समितीचं जेवण आणि बारा बकऱ्या

आमच्या धंद्यात उंदीर हा फार मोठा माणूस आहे. औषध हृदयाचं असो, मेंदूचं असो की हाडांचं, पहिला मान त्याचा. संशोधनाला निधी देणाऱ्या कार्यालयांत उंदराचं नाव काढलं की लोक खुर्ची पुढे करतात. मी नागपुरात जनावरांच्या डॉक्टरांना शस्त्रक्रिया शिकवतो आणि गेली कित्येक वर्षं या कार्यालयांत बकरी घेऊन जातो. खरी नाही, कागदावरची. अर्जात ‘प्राणी कोणता’ असं विचारलेलं असतं आणि खाली पर्याय असतात: छोटा उंदीर, मोठा उंदीर, ससा आणि ‘इतर’. माझी बकरी ‘इतर’मध्ये बसते. तिथे बसून तिला कोणी चहा विचारत नाही.

माझं म्हणणं साधं होतं आणि अजूनही आहे. माणसाचा गुडघा झिजतो, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी झिजते. तिला आम्ही कूर्चा म्हणतो. ती एकदा गेली की परत येत नाही. उंदराचा गुडघा ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि त्यावरची कूर्चा इतकी पातळ की ती आहे हे विश्वासावर मानायचं. बकरीचा गुडघा हातात धरता येतो. बकरी चढते, उतरते, उड्या मारते, वय झालं की लंगडते. लंगडली की अंगणातून दिसतं. उंदीर लंगडला तर त्याची चौकशी कोण करतं? शिवाय बकरीत जे शिकू ते गाईच्या खुब्याला आणि बैलाच्या सांध्यालाही लागेल, म्हणजे एका पैशात दोन दवाखाने.

हे मी प्रत्येक समितीपुढे सांगितलं आहे. प्रत्येक समिती मनापासून हसली आहे, आणि प्रत्येकीने पैसे उंदराला दिले आहेत.

या वेळी मात्र गोष्ट माझ्या एकट्याची नव्हती. माझ्याकडे एक मुलगी पीएचडी करत होती. रामटेकच्या बाजूची, धानाची शेती असलेल्या घरातली. झिंग्यांच्या सालीपासून एक मऊ जाळी बनवून कूर्चेतल्या भोकात बसवायची, म्हणजे शरीर तिच्या आधाराने भोक भरेल, असं तिचं काम. बारा बकऱ्यांच्या गुडघ्यांवर आम्ही भूल देऊन शस्त्रक्रिया केली होती. सहा जणींना जाळी, सहा जणींना नाही. आता पुढची वर्ष-दोन वर्षं नुसतं पाहायचं होतं, पण तिची शिष्यवृत्ती संपली होती आणि तिच्या हातात गडचिरोली जिल्ह्यातल्या सरकारी नोकरीचा आदेश होता. पशुधन विकास अधिकारी. महिनाअखेरपर्यंत रुजू व्हायचं, नाहीतर जागा गेली. प्रकल्प मंजूर झाला तर ती नोकरी सोडणार होती. नाही झाला तर बकऱ्या सोडणार होती. मग बकऱ्या नुसत्या चरत राहिल्या असत्या आणि त्या गुडघ्यांमध्ये शेवटी काय झालं हे कोणालाच कळलं नसतं.

समिती यायच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, “सर, उद्या तुम्ही जरा कमी बोलजा.”

“काहून?”

“तुम्ही बोलले की समिती हसते. हसली की पैसे नाही देत.”

मी कबूल केलं. खरंच केलं होतं.

समिती म्हणजे दोन माणसं. अध्यक्ष दिल्लीहून आलेले. मूळचे इंदूरचे, त्यामुळे मराठी बोलत. सगळं आयुष्य उंदरांत गेलेलं. दुसऱ्या पुण्याच्या, हाडांच्या डॉक्टर. माणसांचे गुडघे बदलणं हा त्यांचा रोजचा उद्योग. त्या फार कमी बोलत आणि बोलत तेव्हा समोरच्याला आपण कमी बोलायला हवं होतं असं वाटे.

सकाळी आल्या आल्या मी त्यांच्यापुढे संत्री ठेवली. अध्यक्षांनी एक फोड तोंडात टाकली आणि विचारलं, “वा, कुठली?”

“घरचीच,” मी म्हणालो.

इथे जरा थांबून सांगायला हवं. आमच्याकडे पाहुण्यापुढे जे ठेवायचं ते घरचं असतं. तूप घरच्या म्हशीचं, आंबे घरच्या झाडाचे, तांदूळ घरच्या धानाच्या बांधीतला. वाडवडिलांची म्हैस तीन पिढ्यांपूर्वी मेली तरी तिचं तूप चालू असतं. यात कोणी कोणाला फसवत नाही. पाहुणाही नागपूरचा असेल तर तो ‘हो का’ म्हणतो आणि खातो. माझ्या घरी बागेच्या नावाने एक कुंडी आहे. संत्री मी येताना हातगाडीवरून घेतली होती.

मग सादरीकरण. मुलीने तिचं काम नीट, सरळ मांडलं. मी कमी बोलायचं ठरवलं होतं म्हणून फक्त एक गंमत केली. पडद्यावर गुडघ्यांची दोन एमआरआय चित्रं लावली आणि पुण्याच्या डॉक्टरबाईंना विचारलं, “यातली बकरी कोणती?” एक गुडघा बकरीचा होता, दुसरा माझा. ज्या केंद्रात आम्ही बकऱ्यांचं चित्र काढतो तिथेच मी माझंही सवलतीत काढून घेतलं होतं.

बाईंनी चष्मा सारखा केला. “डावीकडची बकरी.”

बरोबर होतं.

“आणि उजवीकडची?” मी विचारलं.

“तीही बकरीच. पण ही फार म्हातारी आहे. हिला आता प्रयोगात घेऊ नका, बिचारीला चरू द्या.”

मुलगी खाली पाहत होती. अध्यक्ष विचारात पडले होते. मी तो गुडघा कोणाचा हे सांगितलं तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, “जिने कमी चढा.” मला वाटलं, काम झालं. माणसाचा गुडघा बकरीचा म्हणून खपला, याहून मोठा पुरावा काय असतो?

त्यानंतर कॉलेजच्या फार्मवर गेलो. बारा बकऱ्या गोठ्यात उभ्या, कानात बिल्ले, त्यावर आकडे. बाईंनी दोघींचे गुडघे दाबून पाहिले. शेवटी या प्राण्यांचं काय करता, हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं की मारत नाही. दुर्बिणीतून आणि एमआरआयमधून पाहतो, आणि काम संपल्यावर त्या फार्मवरच म्हाताऱ्या होतील. हे खरं होतं आणि ते सांगताना मला बरंही वाटलं. तेवढ्यात मुलगी जवळ येऊन माझ्या कानात काहीतरी सांगून गेली. मी तेव्हा अध्यक्षांना एका म्हशीच्या शस्त्रक्रियेचा किस्सा सांगत होतो, आणि म्हैस नेमकी टेबलावरून उठायच्या बेतात होती. मी “हो, हो” म्हणून मान हलवली.

दुपारचं जेवण. नागपुरात बाहेरचा माणूस आला की त्याला सावजी मटण खाऊ घालायचं, हा नियम कुठे लिहिलेला नाही म्हणूनच मोडत नाही. मी दोघांना महाल भागातल्या एका जुन्या भोजनालयात घेऊन गेलो. बकरीला रुग्णाचा मान द्या, असं सकाळभर सांगणारा माणूस दुपारी समितीला बकऱ्याचं मटण खायला घेऊन चालला आहे, हे माझ्या डोक्यात कुठेही आलं नाही. आमच्याकडे कोणाच्याच डोक्यात आलं नसतं. गोठा वेगळा, ताट वेगळं.

मटण आलं. वर तेलाचा तवंग, खाली काळा रस्सा. अध्यक्षांच्या नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, पण हात थांबत नव्हता.

“फार मऊ आहे हो,” ते म्हणाले. “कुठलं मटण?”

“घरचंच,” मी म्हणालो. “आपल्या फार्मवरचं.”

जीभ बोलून गेली. तिला सवय.

अध्यक्षांच्या हातातला भाकरीचा तुकडा रश्शात बुडला आणि तिथेच राहिला. बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“कोणत्या गटातलं?” त्यांनी विचारलं. “जाळी बसवलेल्या की न बसवलेल्या?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“नाही, नाही. तसं बोलायची पद्धत आहे आमच्याकडे. फार्मवरचं नाही हे.”

“तुम्ही सकाळी म्हणालात, बकऱ्या म्हाताऱ्या होईपर्यंत सांभाळतो.”

“आताही तेच म्हणतो.”

“जेवताना?”

आता हे नुसतं चेष्टेचं राहिलं नव्हतं. भूल आणि औषधं दिलेलं जनावर माणसाच्या ताटात गेलं, तर प्रकल्पच काय, आमचा गोठाही बंद झाला असता आणि त्यात चूक काही नव्हती. अध्यक्षांनी हात धुतले. “चला,” ते शांतपणे म्हणाले, “बकऱ्या पुन्हा एकदा पाहून घेऊ.”

मी मनात म्हटलं, चला. बारा आहेतच.

अकरा निघाल्या.

मी पुन्हा मोजल्या. बकऱ्या मोजताना हलतात, त्याचा थोडा फायदा होईल अशी आशा होती. अकराच. सात नंबरची नव्हती. गोठ्यावरचा माणूस चारा टाकत होता, त्याला विचारलं.

“मॅडम घेऊन गेल्या न,” तो म्हणाला.

“कुठी?”

“शहरात. टेम्पोत टाकून.”

“केव्हा?”

“तुमची गाडी निघाली न, तिच्या मांगच्या मांगं.”

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मी घाईघाईने म्हणालो, “सर, सावजी मटण एवढ्या लवकर शिजत नाही. मसाला भाजायलाच किती वेळ लागतो.”

“म्हणजे,” बाई म्हणाल्या, “वेळ असता तर?”

मी मुलीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. माझ्या डोळ्यांसमोर गडचिरोलीची बस उभी राहिली आणि खिडकीतून ती माझ्याकडे पाहत होती.

गोठ्यावरच्या माणसाला बहुतेक माझी मदत करायची होती. तो म्हणाला, “सकाळपासून उपाशी आहे जी ती. मॅडमनं कालच सांगतलं, सात नंबरले चारा देजो नको.”

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. कापायच्या आधी जनावर उपाशी ठेवतात, हे त्यांनाही ठाऊक असावं. पण माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. उपाशी ठेवलं म्हणजे भूल. भूल म्हणजे एमआरआय. आणि फोन उचलत नाही, कारण त्या यंत्राच्या खोलीत फोन नेऊ देत नाहीत. सकाळी म्हैस टेबलावरून उठत असताना मुलगी मला हेच सांगत होती.

आमच्याकडे बकरीसाठी एमआरआय यंत्र नाही. नागपुरात माणसांच्या एका केंद्राचा मालक माझ्या ओळखीचा आहे. दुपारी यंत्र थोडा वेळ रिकामं असतं, तेव्हा तो आम्हाला आत घेतो. अट एकच, पेशंट लोकांना कळता कामा नये. म्हणून आमची बकरी मागच्या दाराने, गळ्यापर्यंत पांढरी चादर पांघरून, स्ट्रेचरवरून जाते. तोंडावरही एक हलकं फडकं असतं. आतली सगळी स्वच्छता नंतर आम्हीच करतो. ही आमची कामाची पद्धत आहे. समितीला ती सांगायची नाही, असं मी आणि मुलीने ठरवलं होतं.

गाडीत मी ती सगळी सांगितली.

केंद्रात पोचलो तर आत दिवा लाल. आम्ही तिघं बाकावर बसलो. शेजारी एक म्हातारी बाई गुडघ्याला गरम पट्टा बांधून बसली होती. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

“तुमचं कोण आहे जी अंदर?”

मालकाला शब्द दिलेला. मी म्हणालो, “आमच्याकडचीच आहे एक.”

“गुडघाच का?”

“हो.”

“मलेबी गुडघाच. वय काय आहे तिचं?”

“चार वर्षं.”

“अग माय, एवढ्याशा लेकराले.” तिने माझ्या दंडावर हात ठेवला. “चालते-फिरते न?”

“चालते. भिंतीवरपण चढते.”

“मंग होते बरी,” ती म्हणाली. “चढू नको देऊ पण.”

अध्यक्ष रुमाल तोंडाला लावून खोकत होते. सावजीचा तिखटपणा असेल.

दार उघडलं. मुलगी बाहेर आली आणि आम्हाला पाहून थबकली. मग माझ्याकडे वळली. “सर, मी सांगतलं होतं न तुम्हाले.”

“हो.”

“तुम्ही हो म्हटलं होतं.”

“तेही खरं आहे.”

ती समितीला आतल्या बाजूला घेऊन गेली. काचेपलीकडे सात नंबर चादरीखाली झोपली होती, पोट संथ वरखाली होत होतं. अध्यक्ष काचेजवळ बराच वेळ ते पोट पाहत उभे राहिले. बाई मात्र थेट पडद्यासमोर बसल्या. मुलीने चित्रं एकेक करून पुढे सरकवली. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो आणि तोंड उघडत नव्हतो. त्या दिवसातलं माझं सर्वांत मोलाचं योगदान तेच.

“भरलंय,” बाई म्हणाल्या. “पूर्ण नाही.”

“नाही मॅडम, पूर्ण नाही. मधात भरलं आहे, कडेनं राहिलं. हे पाहा, इथं फट आहे. जाळी आणि मूळ कूर्चा अजून जुळली नाही.”

“जुळेल?”

“माहीत नाही. त्याच्यासाठीच वेळ पाहिजे.”

अध्यक्ष काचेपासून वळले. “हेच उंदरात केलं असतंत तर?”

“उंदरात भरलंच असतं सर,” ती म्हणाली. “एवढंसं भोक उंदरात जाळीशिवायपण भरते. मंग जाळीनं भरलं का उंदरानं भरलं, हे कसं सांगाव?”

“हो,” अध्यक्ष म्हणाले. “आमच्याकडे फार लवकर भरतं.” एवढं बोलून ते एका स्टुलावर बसले आणि तिला म्हणाले, “सुरुवातीपासून दाखवा.” तिने दाखवलं. जाळी नसलेल्या बकऱ्यांचीही चित्रं काढली. दोघं प्रश्न विचारत होते आणि ती जिथे माहीत नाही तिथे ‘माहीत नाही’ म्हणत होती. मी इतक्या वर्षांत समितीसमोर हे वाक्य कधी वापरून पाहिलं नव्हतं.

निघताना बाईंनी तिला विचारलं, “तुमचे सर म्हणतात, दुपारचं मटण तुमच्या फार्मवरचं होतं.”

मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं. “सर संत्रीपण घरची म्हणतात, मॅडम. घरी एक कुंडी आहे त्यांच्या. तिच्यात तुळस आहे.”

मंजुरीचं पत्र महिना संपायच्या आत आलं. तीन वर्षांचा प्रकल्प, मागितले त्याहून कमी पैसे, आणि दोन अटी. पहिली, बकऱ्यांची सगळी जबाबदारी आणि सहसंशोधक म्हणून नाव त्या मुलीचं. दुसरी, दर तीन महिन्यांनी बाराही बकऱ्यांचे जिवंत असल्याचे फोटो, बिल्ला दिसेल असे. माझ्याबद्दल पत्रात काही नव्हतं. पुण्याच्या बाईंनी मात्र फोन करून सांगितलं की पुढच्या पाहणीला त्या डबा घेऊन येतील.

पत्र आलं त्या दिवशी मुलगी गोठ्याच्या कठड्यावर बसून घरी फोन करत होती. मी जवळच होतो. फोनमधला आवाज मोठा होता आणि तिच्या बाबांना फोनवर हळू बोलणं जमत नसावं.

“बाबा, मी गडचिरोलीले नाही जाऊन राहिली.”

“पक्की सरकारी नोकरी आहे वं माय. बकऱ्याईसाठी सोडून राहिली का?”

“तिथंबी बकऱ्याच होत्या, बाबा.”

“त्या सरकारी होत्या. हे किती वर्साचं आहे?”

“तीन.”

“न मंग?”

“मंग माहीत नाही.”

“तुह्या सरले दे फोन.”

तिने फोन माझ्या हातात दिला. मी नमस्कार केला.

“साहेब,” ते म्हणाले, “पोरगी सांगते, तुमी लय गमतीचे माणूस आहा. मले गमत नका सांगू. हे काम चालणारं आहे का?”

माझ्या जिभेवर दोनतीन गोष्टी आल्या होत्या. त्या तिथेच ठेवल्या.

“काम खरं आहे,” मी म्हणालो. “चालेल की नाही, ते बकऱ्यांच्या गुडघ्यात दिसेल. ते पाहणारं माणूस ही एकच आहे आमच्याकडे. ती गेली तर बंद होईल.”

“माह्या गुडघ्याले कामी येईन का? धानाच्या रोवण्यात पार गेले ते.”

“तुमच्या नाही. उशीर झाला.”

“मंग कोणाच्या?”

“हिच्या म्हातारपणी, कदाचित. तेही नक्की नाही.”

तिकडे कोणीतरी काही विचारत होतं, ते “थांब वं” म्हणाले. मग पुन्हा फोनवर आले.

“बरं,” ते म्हणाले. “खोटं नाही बोलले तुमी. राहू द्या तिले तिथंच.”

मी फोन तिला परत दिला. ती कठड्यावरून उतरली आणि बोलत बोलत नोकरी नाकारल्याचं कळवायला कार्यालयाकडे चालू लागली.